वाकून जाण्याचे दार

क्योटो शहराच्या उत्तर भागात दाइतोकुजी हे झेन पंथाचे जुने मठस्थान आहे. मठाच्या आवारात तांबड्या रंगाचे एक दुमजली महाद्वार उभे असून किन्मोकाकु या नावाने ते ओळखले जाते. त्याचा खालचा मजला सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला गेला आणि वरचे काम अनेक दशके तसेच राहिले. ते १५८९ साली सेन नो रिक्यू या चहागुरूने स्वखर्चाने पुरे केले. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नाहीत तोच रिक्यूला स्वतःचे पोट चिरून घेण्याची आज्ञा झाली. तिची जी कारणे जाहीर झाली त्यांत हे महाद्वार अग्रभागी होते.

हा योग विलक्षण म्हणावा लागतो, कारण दार कसे असावे हे जपानला ज्याने शिकवले तो हाच माणूस. आज जगात कोठेही जपानी धाटणीची बाग करू पाहणारा प्रवेशद्वाराचा नमुना शोधू लागला, की त्याच्यापुढे बांबूच्या कामट्यांची हलकी झडप, सालीने किंवा गवताने शाकारलेले ठेंगणे छप्पर आणि भिंतीतला वाकून ओलांडायचा उंबरठा येतो. या सगळ्यांचे मूळ चहागृहापुढच्या त्या चिंचोळ्या अंगणात आहे, ज्याला रिक्यूने आणि त्याच्या परंपरेने आकार दिला.

रिक्यूचा जन्म १५२२ सालचा, आजच्या ओसाका शहराला लागून असलेल्या साकाई बंदरातला. घराणे मासळीच्या घाऊक व्यापाराचे आणि वखारींचे. साकाई हे त्या काळी जपानमधले आगळे गाव होते. देशभर सरदारांच्या लढाया चालू असताना या गावाभोवती खंदक होता आणि गावाचा कारभार व्यापाऱ्यांची पंचायत पाहत असे. गास्पार व्हिलेला या जेझुइट पाद्र्याने साकाईची तुलना व्हेनिसशी केली होती. जपानमधल्या या पाद्र्यांचा वरिष्ठ मुक्काम गोव्यात असल्याने त्यांच्या पत्रांची वाटही गोव्यावरून जाई. स्वतः व्हिलेलाची अखेरही गोव्यातच झाली.

अशा गावात पैसा होता आणि पैशाबरोबर येणारी हौसही होती. चानोयू, म्हणजे मोजक्या पाहुण्यांसमोर पाणी उकळून, हिरव्या चहाची पूड घुसळून ती अर्पण करण्याचा विधी, श्रीमंत व्यापाऱ्यांमध्ये प्रतिष्ठेचा झाला होता. चिनी बरण्या, चिनी पेले, चिनी चित्रे यांचे प्रदर्शन मांडून यजमान आपली ऐपत दाखवीत. मुराता जुको नावाच्या गुरूने पंधराव्या शतकात या दिखाऊपणापासून दूर जाणारी वाट दाखवली. साकाईच्याच ताकेनो जोओने ती पुढे नेली आणि तरुण रिक्यू जोओचा शिष्य झाला. शिष्यत्वाच्या बरोबरीने झेनची साधनाही चालू होती. दाइतोकुजीशी त्याचे नाते तेव्हाच जडले आणि ते शेवटपर्यंत टिकले. शेवटी ते त्याला महागात पडले असेही म्हणता येईल.

पुढची काही वर्षे झपाट्याने सांगता येतात. १५६८ साली ओदा नोबुनागाने क्योटो काबीज केले आणि साकाईकडे २०,००० कान एवढी प्रचंड खंडणी मागितली. गावाने आधी ताठरपणा दाखवला, मग मान तुकवली. नोबुनागाला चहाच्या भांड्यांचा आणि चहाच्या प्रतिष्ठेचा लोभ होता. साकाईतले तिघे चहागुरू त्याच्या सेवेत गेले, त्यांत रिक्यू होता. १५८२ साली नोबुनागाचा दगाफटक्याने अंत झाला आणि सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हाती आली. घराण्याचे नावही नसलेल्या सामान्य कुळातून वर आलेला हा माणूस काही वर्षांत साऱ्या जपानचा धनी झाला. रिक्यू त्याचा प्रमुख चहागुरू झाला. १५८५ साली हिदेयोशीने राजवाड्यात सम्राटाला चहा दिला, तेव्हा साध्या व्यापाऱ्याला तेथे पाऊल टाकता यावे म्हणून त्याला सम्राटाकडून उपाधी मिळाली. रिक्यू हे नाव त्या वेळचे आहे. तोवर त्याचे वय साठीच्या पुढे गेले होते. ज्या नावाने तो अजरामर झाला, ते त्याने जेमतेम सहा वर्षे वापरले.

हिदेयोशीने सोन्याच्या पत्र्याने मढवलेले, सुटे करून नेता येईल असे एक चहादालन करवून घेतले होते. त्याच काळात रिक्यूच्या कल्पनेतून उतरलेले चहागृह क्योटोजवळ यामाझाकी येथील म्योकीआन मठात आजही पाहता येते. त्याचे नाव ताईआन. दोन ताताम्यांची जागा, म्हणजे साधारण ३६ चौरस फूट. भिंती मातीच्या, त्यांत भुशाचे तुकडे तसेच दिसणारे. कोपरा काजळीसारखा काळपट. यजमान आणि पाहुणा यांचे गुडघे जवळजवळ भिडावेत एवढी जवळीक. या खोलीत शिरण्याचे दार एवढे लहान की कुणीही उभ्याने आत जाऊ शकत नाही.

जपानीत या दाराला निजिरीगुची म्हणतात, म्हणजे सरपटत शिरण्याचे तोंड. पुढे रूढ झालेले त्याचे माप उंचीला सुमारे ६६ सेंटिमीटर आणि रुंदीला त्याहून किंचित कमी असते. ताईआनचे दार त्याहून थोडे मोठे आहे. पाहुणा दगडावर पादत्राणे काढतो, उंबऱ्यावर मुठी टेकतो, मान आत घालतो आणि गुडघ्यांवर स्वतःला पुढे ओढतो. सामुराई असेल तर तलवार बाहेर वळचणीखालच्या फडताळावर ठेवावी लागते, कारण ती कमरेला घेऊन या भोकातून जाता येतच नाही. आपल्याकडच्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात जी दिंडी असते ती आठवावी. दिंडीतूनही मान लववूनच जावे लागते, पण तिचा मुख्य हेतू रक्षणाचा असे आणि मोठा दरवाजा मालकासाठी उघडता येई. रिक्यूने मोठा दरवाजाच ठेवला नाही. देशाचा धनी आला तरी त्याला दुसरी वाट नव्हती.

ही कल्पना त्याला कोठे सुचली, याची जुनी नोंद परंपरेत आहे. क्योटो आणि ओसाका यांच्यामधून योदो नदी वाहते. तिच्या काठी हिराकाता येथे नावांचा धक्का होता. तेथे लोक नावेच्या बुटक्या तोंडातून वाकून बाहेर पडताना रिक्यूने पाहिले आणि त्या दैन्यात त्याला गोडी वाटली. तेच तोंड त्याने लहान चहादालनाला बसवले. दाराची फळीसुद्धा जुन्या घराची पावसाळी झडप कापून लावल्यासारखी दिसावी, अशी रीत पडली. अनेक फळ्यांची पूर्ण झडप मधूनच तोडली, तर शेवटच्या फळीचा अर्धाच भाग उरतो. तो अर्धा भाग कारागीर अजूनही मुद्दाम ठेवतात.

रिक्यूच्या नजरेची ही जात त्याच्या इतर कामांतही दिसते. चोजिरो नावाचा कारागीर कौलांच्या कामातला होता. त्याच्याकडून रिक्यूने चाकाशिवाय, नुसत्या हाताने, चहाचे काळे आणि तांबडे पेले घडवून घेतले. त्यांतून राकू भांड्यांचे घराणे सुरू झाले. कात्सुरा नदीवरच्या कोळ्याची मासे ठेवायची टोपली त्याने फुलदाणी म्हणून भिंतीवर टांगली. वस्तू दूरच्या देशातून आली म्हणून मोठी, ही साकाईच्या श्रीमंतांची समजूत त्याने एकेका टोपलीने आणि पेल्याने मोडीत काढली. या उपक्रमाला भाबडेपणा म्हणता येणार नाही. रिक्यूने पसंत केलेल्या वस्तूची किंमत तत्काळ चढत असे आणि हे त्यालाही ठाऊक होते. या विसंगतीचे देणे पुढे चुकवावे लागणार होते.

चहागृहापर्यंतच्या अंगणाला रोजी म्हणतात, शब्दशः दवाची भूमी. फुलझाडांचा सोस तेथे नसतो. शेवाळ, नेचे, सदाहरित झाडे, आणि पावलापावलाने चालावे लागेल असे पसरलेले दगड. या वाटेला दोन भाग असतात, बाहेरचे अंगण आणि आतले अंगण. बाहेरच्या दाराची झडप किंचित उघडी ठेवलेली असली म्हणजे सर्व तयारी झाली असे पाहुण्याने समजायचे. वाटेवर पाण्याचा सडा घातलेला असतो. पाहुणे आत येऊन बाकावर थांबतात. मग यजमान आतून मधल्या दारापर्यंत येतो, एक अक्षरही न बोलता वाकून नमस्कार करतो आणि परत जातो. त्यानंतर पाहुण्यांनी ते मधले दार ओलांडायचे.

मधल्या दाराचे प्रकार अनेक आहेत आणि आजच्या बागांमध्ये नकलले जातात ते बहुधा हेच. सर्वांत साधे म्हणजे बांबूच्या चौकटीवर चिरलेल्या कामट्या चौकटचौकट तिरक्या विणून केलेली झडप. एका हाताने उचलता येईल एवढी ती हलकी असते. दुसऱ्या प्रकारात विणलेली झडप वरच्या आडव्या दांड्याला टांगलेली असते आणि काठीने टेकू देऊन वर उचलून धरतात. तिसरा प्रकार नाकाकुगुरी. यात अंगणाच्या मध्यावर मातीच्या भिंतीचा एक सुटा तुकडा उभा असतो आणि त्यात उंच उंबऱ्याचे चौकोनी भोक असते. भिंतीला वळसा घालून सहज जाता येईल, पण कुणी जात नाही. यांपैकी एकही दार चोराला अडवू शकणार नाही. त्यांचे काम वेगळे आहे. प्रत्येक दारापाशी माणूस थोडा अधिक वाकतो, आवाज थोडा अधिक खाली येतो, आणि शेवटच्या दारापाशी तो जमिनीला टेकलेला असतो.

दाराविषयी रिक्यूची एक आठवण चहाच्या जुन्या ग्रंथांतून सांगितली जाते. तो आपल्या घरातल्या एका माणसाबरोबर कुणाकडे चहाला गेला होता. अंगणाच्या वाटेवर उन्हापावसाने झिजलेले, जुनाट लाकडी दार बसवलेले होते. बरोबरच्या माणसाने त्याच्या जीर्ण सौंदर्याची वाखाणणी केली. रिक्यूला ते पटले नाही. असे दार दूरच्या एखाद्या डोंगरातल्या मठातून शोधून आणावे लागले असेल, ते विकत घ्यायला आणि वाहून आणायला बराच पैसा पडला असेल, असे त्याने दाखवून दिले. यजमानाला खरोखर साधेपणाची ओढ असती तर त्याने शेजारच्या सुताराकडे जाऊन त्याच्यापाशी असतील त्या पाइन किंवा सीडरच्या फळ्या जोडून दार करवून घेतले असते, असे त्याचे मत पडले. जुन्या वाड्यांचे दरवाजे विकत घेऊन नव्या बंगल्यांना बसवण्याची हौस आपल्याकडेही आहे. त्यांना ही आठवण टोचेल, पण ती टोचावी म्हणूनच सांगितली गेली असावी.

आणि याच माणसाने दाइतोकुजीच्या महाद्वारावर दुसरा मजला चढवला. त्याच्या छतावर हासेगावा तोहाकु या श्रेष्ठ चित्रकाराने चित्रे रंगवली. मठासाठी दिलेल्या देणगीला सुताराच्या फळ्यांचा न्याय लावता येत नाही, हे खरे. मठाची शोभा ही मठाची. तरीही सत्तरीकडे झुकलेल्या रिक्यूच्या मनात आपल्या पश्चात काही उरावे ही इच्छा नव्हती असे म्हणवत नाही. कृतज्ञता म्हणून त्याचा एक लाकडी पुतळा वरच्या मजल्यावर ठेवण्यात आला. पुतळ्याच्या पायांत सेत्ता होत्या. चामड्याच्या तळव्यांची ही पादत्राणे सडा घातलेल्या अंगणात पाय ओले होऊ नयेत म्हणून रिक्यूनेच काढली, असे परंपरा मानते.

दिवस बदलत चालले होते. १५९० साली ओदावारा किल्ल्याच्या वेढ्याच्या वेळी रिक्यूचा शिष्य यामानोउए सोजी याला हिदेयोशीने हालहाल करून मारले. रिक्यू त्या छावणीत होता. तेथल्या नीरायामाच्या बांबूपासून त्याने फुलदाणी कापल्याचे सांगतात, ती चिरलेली असूनही आजवर जपली गेली आहे. १५९१ च्या आरंभी हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा वारला. दरबारात रिक्यूचा तोच भक्कम आधार होता. रिक्यूकडे सरदारांचा राबता असे, दूरदूरच्या दाइम्योंचे निरोप त्याच्यामार्फत जात. अशा माणसाला आधार नसला की शत्रू आपोआप दिसू लागतात.

याच सुमारास गोव्याचा संबंध पुन्हा एकदा या कथेला स्पर्शून जातो. मार्च १५९१ मध्ये अलेस्सान्द्रो व्हालिन्यानो हा जेझुइट धर्माधिकारी गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वकील म्हणून क्योटोतील जुराकु वाड्यात हिदेयोशीला भेटला. अरबी घोडा, चिलखते, तलवारी अशा भेटी त्याने आणल्या होत्या. व्हाइसरॉयचे ते पत्र क्योटोत आजही जपलेले आहे. दुभाष्या होता जुआंव रॉद्रिगेश. चहाचे अंगण, त्याची वाट आणि ते बुटके दार यांचे युरोपीय भाषेतले अत्यंत बारकाईचे वर्णन पुढे याच रॉद्रिगेशने लिहिले. त्या वाड्याच्या आसमंतातच रिक्यूचे घर होते. तो समारंभ होऊन जेमतेम पाच आठवडे झाले आणि रिक्यूला क्योटो सोडून साकाईत जाऊन राहण्याचा हुकूम मिळाला.

दोन आरोप ठेवले गेले. एक, त्याने चहाची भांडी अवाच्या सवा किमतीला विकली. दुसरा, त्याने महाद्वारावर स्वतःचा पुतळा बसवू दिला. त्या दारातून हिदेयोशी जात असे, सम्राटाचे दूत जात, आणि त्यांच्या डोक्यावर पायताण घातलेला एक व्यापारी उभा. या अपमानाचे स्वरूप मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. खरे कारण याहून खोल असावे असे इतिहासकारांना वाटत आले आहे आणि तर्कांचा ढीग आजवर वाढतच गेला आहे. मात्र ज्याच्या घरी देशाच्या धन्याला गुडघ्यांवर सरपटत शिरावे लागे, त्याच्यावरच धन्याला आपल्या पायाखालून चालायला लावल्याचा आरोप यावा, यापलीकडे तर्क करण्याची खरे तर गरजही पडत नाही.

दुसऱ्या महिन्याच्या १३ तारखेला रिक्यू योदोच्या धक्क्यावर नावेत बसला. निरोपाला येण्याची कुणाची छाती नव्हती. फक्त दोघे शिष्य आले होते, होसोकावा तादाओकी आणि फुरुता ओरिबे. त्यांना धक्क्यावर पाहून आपण चकित झालो, असे रिक्यूने दुसऱ्या दिवशी एका पत्रात कळवले. ते पत्र उपलब्ध आहे. नाव नदीच्या प्रवाहाने खाली गेली. त्या वाटेवर हिराकाता लागते.

दरम्यान क्योटोत महाद्वारावरचा पुतळा खाली ओढण्यात आला आणि इचिजो मोदोरीबाशी या पुलापाशी सुळावर चढवण्यात आला. लाकडाला दिलेली ही शिक्षा पाहायला गर्दी लोटली होती. काही दिवसांनी रिक्यूला परत बोलावले गेले. त्याचे शिष्य सरदार असल्याने ते त्याला सोडवतील या भीतीने उएसुगी कागेकात्सुचे ३,००० सैनिक घराभोवती उभे करण्यात आले. त्या महिन्याच्या २८ तारखेला, म्हणजे २१ एप्रिल १५९१ रोजी, रिक्यूने आज्ञा पाळली. जपानी गणनेने तो ७० वर्षांचा होता. त्या दिवशी मोठ्या गारा पडल्या असे सांगतात. त्याचे मस्तक मोदोरीबाशीपाशी नेऊन त्याच पुतळ्याच्या पायाखाली ठेवण्यात आले.

दाइतोकुजी मठच पाडून टाकण्याचा हिदेयोशीचा विचार होता. मठाधिपती कोकेई सोचिन याने दूतांपुढे खंजीर ठेवून आधी आपला प्राण घ्या असे बजावले आणि मठ वाचला, अशी आख्यायिका आहे. महाद्वारही वाचले. ओरिबे रिक्यूनंतर जपानचा अग्रगण्य चहागुरू झाला आणि १६१५ साली त्यालाही सत्तेच्या आज्ञेने तसेच मरावे लागले.

सेन घराणे काही वर्षांनी हिदेयोशीच्याच परवानगीने पुन्हा उभे राहिले. रिक्यूचा नातू सोतान याने आयुष्यभर दरबारी चाकरी टाळली. त्याच्या मुलांपासून तीन घरे झाली. क्योटोत ती आजही एकमेकांच्या जवळच नांदतात. त्यांपैकी उरासेन्केच्या प्रवेशद्वाराला शिरस्त्राणाच्या आकाराचे, सायप्रसच्या सालीने शाकारलेले लहानसे छप्पर आहे. ओमोतेसेन्केच्या अंगणात ती भोकाची भिंत, नाकाकुगुरी, आहे. विणलेल्या कामट्यांच्या झडपा पावसात काळवंडतात, गाठी सैल होतात, आणि थोड्या वर्षांतच त्या बदलाव्या लागतात. वर्षअखेरीस चहाच्या अंगणांतून जुना बांबू काढून नवा, हिरवा बांबू लावण्याची रीत आहे. नववर्षाच्या पहिल्या चहाला येणाऱ्या पाहुण्याच्या हाताला त्याचा ओला वास लागतो.